सांगून निघा, रडला तरी चालेल

ताई, नमस्कार.

माझं वय 36. गाव बीड जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यात. आईवडील ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की मुकादमाचा ट्रक यायचा आणि पाडव्याच्या पुढंमागं ते परत यायचे. मी पहिलीत गेलो तेव्हापासून दहावी होईपर्यंत दर हंगामाला आजीजवळ राहिलो. धाकटी बहीण अंगावर पिणारी होती म्हणून तिला सोबत नेलं, आणि पुढेही ती त्यांच्याबरोबरच जात राहिली. तिची शाळा सातवीत सुटली. मी रडू नये म्हणून ते मी झोपेत असतानाच निघायचे. सकाळी उठलो की शेजारची वाकळ गुंडाळून ठेवलेली असायची. आजीनं मला काही कमी पडू दिलं नाही. शिकलो, आता छत्रपती संभाजीनगरला बँकेत आहे. बायकोही नोकरी करते. मुलगा साडेचार वर्षांचा आहे.

दोन वर्षांपूर्वी अण्णा गेले. तेव्हापासून आई आमच्याकडे असते. ती नातवाला मांडीवर घेऊन भरवते, गाणी म्हणून झोपवते. ते बघितलं की माझ्या डोक्यात तिडीक उठते. परवा मी तिच्या हातातली ताटली ओढून घेतली आणि 'त्याचं त्याला खाऊ दे' म्हणून ओरडलो. ती एक शब्द बोलली नाही. मला रात्रभर झोप लागली नाही. तिनं आमच्यासाठी काय सोसलंय ते मला कळतं, तरी असं होतं.

बायको म्हणते, मी माहेरी गेले की तुम्ही एक फोन करत नाही आणि परत आले की दोन दिवस धड बोलत नाही. भांडण झालं की मी गप्प होतो तो गप्पच. कामावर निघताना मुलगा पायाला मिठी मारतो. तो रडू नये म्हणून हल्ली मी मागच्या दारानं निघतो.

हे सगळं लहानपणामुळे आहे का? की मी मुळातच कोरडा माणूस आहे? आईशी कसं वागू? आणि माझा मुलगा माझ्यासारखा होईल का?

– एक वाचक

*

नमस्कार.

पत्र वाचताना एका ठिकाणी मी थांबले. तुम्ही रडू नये म्हणून आई-अण्णा तुम्ही झोपेत असताना निघायचे, असं तुम्ही वर लिहिलंय. आणि खाली लिहिलंय की मुलानं रडू नये म्हणून तुम्ही मागच्या दारानं निघता. शब्दही जवळजवळ तेच. लिहिताना ते तुमच्या लक्षात आलं असेल-नसेल, पण तुमच्या प्रश्नांची उत्तरं मला तिथूनच द्यावीशी वाटतात.

तुमच्या आईनं तुम्हाला झोपेत सोडलं ते जीव तुटत होता म्हणून. रडणाऱ्या पोराचे हात सोडवून ट्रकमध्ये चढणं कुठल्याही बाईला जड जाईल. पण सहा वर्षांच्या मुलाच्या बाजूनं बघा. रात्री आई शेजारी असते, सकाळी वाकळ गुंडाळलेली असते. मधे काही सांगणं नाही, निरोप नाही. त्याला रडायलाही मिळत नाही, कारण ज्याच्यासमोर रडायचं ते माणूसच निघून गेलेलं असतं. 'आई कामाला गेली, पाडव्याला येईल' हे त्याला आजी सांगते आणि ते त्याला पाठही होतं. पण अंगात मुरतं ते वेगळंच, की आपला डोळा लागला की माणसं जातात. दसरा जवळ आला की तुम्ही रात्री जागं राहायला बघायचात का, आईचा पदर मुठीत धरून झोपायचात का, जरा आठवून पाहा.

आणि पाडव्याला ते परत आले की काय व्हायचं? त्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. माझा अंदाज असा की आईनं हाक मारल्यावर तुम्ही धावत गेला नसाल. आजीच्या आड उभे राहिला असाल.

हा अंदाज मी हवेत करत नाही. लंडनमध्ये जेम्स रॉबर्टसन आणि त्यांची पत्नी जॉइस हे जोडपं रुग्णालयात ठेवलेल्या लहान मुलांकडे बारकाईनं बघत होतं. त्या काळी तिथल्या रुग्णालयांत आईवडिलांना मुलाला भेटायला क्वचितच जाऊ देत. रॉबर्टसन यांनी पाहिलं की मूल आधी आकांत करतं, मग खचतं, मलूल होऊन पडून राहतं. आणि मग ते शांत होतं. खेळायला लागतं, नर्सकडे बघून हसतं. सगळे म्हणतात, रुळलं एकदाचं. पण आई भेटायला आली की ते तिच्याकडे बघतही नाही, तोंड फिरवतं. 1952 साली त्यांनी दोन वर्षांच्या एका मुलीचे रुग्णालयातले आठ दिवस कॅमेऱ्यानं टिपून डॉक्टरांना दाखवले. पुष्कळ डॉक्टर चिडले. तरी पुढच्या वर्षांत भेटीचे नियम हळूहळू सैल झाले. त्यांचे सहकारी जॉन बोल्बी हे मनोविकारतज्ज्ञ. त्यांनी तर आयुष्यभर हाच विषय लावून धरला. त्यांना स्वतःला सांभाळणारी दाई ते चार वर्षांचे व्हायच्या सुमाराला काम सोडून गेली होती, आणि ते दुःख ते म्हातारपणापर्यंत विसरले नव्हते.

'पोरगं आजीला रुळलं, आता काही तरास नाही' असं तुमच्याबद्दलही गल्लीत कोणी ना कोणी म्हटलं असणार. ते रुळणं खोटं नव्हतं, पण त्याची किंमत होती. आईची वाट बघणं तुम्ही बंद केलंत, कारण सहा महिने रोज वाट बघत बसणं कुठल्याही पोराला झेपणारं नाही. गाडीला जुंपलेल्या बैलाच्या खांद्याला घट्टा पडतो, त्याशिवाय त्याला जू पेलत नाही. तसाच तुम्हाला पडला. त्यानं तुम्हाला दहावीपर्यंत आणलं, बँकेत नोकरीला लावलं. त्याची लाज वाटून घेऊ नका.

आता बायकोच्या तक्रारीकडे येते, कारण ती अगदी बरोबर आहे आणि तिचा धागा इथेच आहे. बोल्बींच्या सहकारी मेरी एन्सवर्थ 1954 मध्ये युगांडात गेल्या आणि कंपालाजवळच्या खेड्यांत घरोघर जाऊन त्यांनी आया आणि तान्ही मुलं यांचं निरीक्षण केलं. पुढे अमेरिकेत बाल्टिमोरला त्यांनी एक साधा प्रयोग केला. खेळणी ठेवलेली खोली, त्यात वर्षाचं मूल आणि आई. आई थोडी मिनिटं बाहेर जाते आणि परत येते. ती गेल्यावर मूल रडतं की नाही, यापेक्षा ती परत आल्यावर ते काय करतं याकडे एन्सवर्थ यांचं खरं लक्ष होतं. बरीच मुलं आईकडे झेपावतात, बिलगतात आणि थोड्या वेळानं पुन्हा खेळायला लागतात. काही मुलं मात्र मान वर करत नाहीत. हातातली गाडी पुढेमागे फिरवत बसतात. बघणाऱ्याला वाटतं, किती शहाणं मूल! नंतर संशोधकांनी अशा मुलांच्या हृदयाचे ठोके मोजले, तर ते वाढलेले निघाले.

बायको माहेराहून येते आणि तुम्ही मोबाइलमधून डोकं वर काढत नाही, तेव्हा आत काय चाललेलं असतं ते एकदा नीट बघा. छातीत धडधड, जबडा आवळलेला, घसा दाटलेला, असं काही आहे का? असेल, तर तिची आठवण आली नाही म्हणून तुम्ही गप्प आहात असं म्हणता येणार नाही. उलट आठवण इतकी आली की ती कुठे ठेवावी ते तुम्हाला कळलं नाही. बायकोला मात्र त्यातलं काहीच दिसत नाही. तिला फक्त पाठ दिसते. चार दिवसांसाठी माहेरी गेलेल्या बाईला परत आल्यावर नवऱ्याची पाठ बघावी लागणं हा तिच्यावर अन्याय आहे, आणि तो तुमच्या लहानपणाच्या खात्यावर टाकून मोकळं होता येणार नाही.

म्हणजे तुम्ही कोरडे आहात का? कोरड्या माणसाची ताटली ओढून घेतल्यावर रात्रीची झोप उडत नाही. हा प्रश्न तुम्ही आता सोडून द्या.

'सगळं लहानपणामुळे का' याला मात्र थोडं सावकाश उत्तर दिलं पाहिजे. हल्ली दोन टोकांची बोलणी फार ऐकू येतात. एक म्हणजे आजचं प्रत्येक दुखणं आईवडिलांच्या नावावर मांडायचं. आणि दुसरं आपल्याकडचं जुनं, की आईबापानं हाडाची काडं केली, आता जुनं उकरून काय मिळवायचंय? मला दोन्ही मान्य नाहीत. मायकल रटर या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञांनी 1972 मध्येच बोल्बींचं म्हणणं तपासून पाहिलं आणि दाखवलं की ताटातूट झाली एवढ्यावरून पुढचं काही ठरत नाही. ताटातुटीआधी नातं कसं होतं, मूल कोणाच्या हाती सोपवलं, तिथे त्याला माया मिळाली का, घरात भांडणं किती होती, यावर पुष्कळ काही अवलंबून असतं.

त्या फुटपट्टीनं तुमच्याकडे बघू. सहा वर्षं तुम्ही आईच्या कुशीत वाढलात. नंतर अनोळखी माणसांच्या हाती पडला नाहीत, आजीकडे राहिलात. त्याच घरात, त्याच चुलीशी. हवाईतल्या कवाई बेटावर 1955 मध्ये जन्मलेल्या सगळ्या, म्हणजे 698 मुलांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढची कित्येक दशकं मागोवा घेतला. त्यातल्या सुमारे एक तृतीयांश मुलांचं बालपण गरिबी, आजार, घरातली भांडणं यांनी फार खडतर होतं. तरीही त्या खडतर बालपणातल्या साधारण तिघांतला एक जण मोठेपणी कर्ता, माणसं जपणारा निघाला. अशा मुलांमध्ये एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. आईवडील नसले तरी घरातलं किंवा शेजारचं एखादं माणूस त्यांच्या पाठीशी कायम होतं, आणि अनेकदा ते आजी किंवा आजोबा असायचे. आजीबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, 'काही कमी पडू दिलं नाही'. ती ओळ मला फार मोठी वाटते. मुलगा पायाला मिठी मारतो तेव्हा तुमच्या आत काहीतरी हलतं, ते आजीनं जिवंत ठेवलंय.

मग आताच एवढं का उसळलं? इतकी वर्षं तुम्ही ठीक चालला होतात. मला तीन गोष्टी एकदम आलेल्या दिसतात. अण्णा गेले. आई पहिल्यांदाच बारा महिने तुमच्याजवळ राहायला आली. आणि तुम्ही मागे राहिलात त्या वयाच्या जवळ तुमचा मुलगा आलाय. मूल एखाद्या वयाला येतं तेव्हा त्या वयातलं आपलं काही आत राहिलेलं असेल तर ते हलतं. अनेक आईबापांना हा अनुभव येतो आणि त्याचं कारण कळत नाही म्हणून ते घाबरतात. तुम्हाला कारण कळलं, तर निम्मी भीती जाईल.

आता आईबद्दल. ती नातवाला भरवते आणि तुमच्या मनात येतं, हे हात तेव्हा कुठे होते? तुम्ही हे शब्द लिहिले नाहीत, पण तिडीक त्याचीच आहे. हे हात तेव्हा कोयता धरत होते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. नवराबायको मिळून एक कोयता, त्यावर हंगामाआधीच घेतलेली उचल, ती फिटेपर्यंत सुटका नाही, एक खाडा पडला तर त्याचेही पैसे कापले जाणार. बाळंतपणाला थोडे दिवस झाले नाहीत तोच उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढणाऱ्या बायका आहेत. आईला निवड होती कुठे?

पण तिला निवड नव्हती म्हणून तुमचं दुःख खोटं ठरत नाही. इथेच तुमची कोंडी झालीय. 'तिनं किती सोसलं' हे वाक्य तुम्ही स्वतःच्या तोंडावर हात ठेवायला वापरता. राग आला की लगेच तिचे कष्ट आठवायचे आणि राग गिळायचा. गिळलेला राग मग ताटलीवर निघतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू द्या. आईनं तुम्हाला जगवण्यासाठी सोडलं, आणि सोडलं तेव्हा तुम्हाला फार लागलं.

आणखी एक विचारते, रागावू नका. अण्णाही त्याच ट्रकमध्ये चढायचे ना? त्यांच्याबद्दल पत्रात 'गेले' एवढंच आहे. हिशोब सगळा आईकडे मागताय. आपल्याकडे हे सर्रास होतं. बाप जातो तो कामाला जातो, आई जाते ती सोडून जाते. अण्णांवरचा राग, आणि ते गेल्याचं दुःखही, कदाचित आईच्याच अंगावर पडत असेल. त्यांच्यासाठी तुम्ही रडलात का? तेराव्यापर्यंत पाहुण्यारावळ्यांचं बघण्यातच दिवस गेले असतील, तर ते रडणं अजून बाकी असेल.

आईशी वागायचं कसं? आधी ताटलीचं मिटवा. 'परवा मी ताटली ओढली, चुकलं माझं' एवढं म्हणा. तिच्या तोंडून 'जाऊ दे रे' येईल, तरी म्हणा. ती भरवत असताना उठून जाऊ नका, दहा मिनिटं शेजारी बसा. तिडीक उठली तर उठू द्या, बसून राहा. ती त्याला काय म्हणून घास देते, कोणतं गाणं म्हणते, ते ऐका. कदाचित तुम्हालाही तिनं त्याच गाण्यावर झोपवलं असेल. ट्रक यायच्या आधीची सहा वर्षंही तुमचीच होती, ती तुम्ही पार विसरलात.

मग एखाद्या दुपारी तिला त्या दिवसांबद्दल विचारा. 'मला का सोडून जायचीस' असं विचारू नका. त्यावर ती एकतर रडेल नाहीतर 'मग काय करायचं होतं?' म्हणेल, आणि बोलणं तिथंच संपेल. 'तुला कसं वाटायचं' हेही त्या पिढीच्या बाईला विचारून उपयोग नसतो. वस्तूंबद्दल विचारा. कोणता कारखाना होता? कोपी कशानं शाकारायचात? फडात पहाटे किती वाजता उतरायचीस? धाकटीला उसाच्या कडेला कशावर झोपवायचीस? ट्रकमध्ये चढताना पिठामिठाचं कोणत्या गाठोड्यात बांधायचीस? बायका अशा तपशिलांतून बोलत्या होतात. तिनं एवढं सांगितलं की तुमची पाळी. सकाळी उठल्यावर वाकळ दिसायची, ते तिला सांगा. फक्त वाकळीचं सांगा, त्यावर आरोप चिकटवू नका. ती गप्प बसली तर गप्प बसू द्या. एका दिवसात सगळं बोलून होणार नाही आणि व्हायलाही नको.

हे मी नुसतं मन मोकळं करण्यासाठी सुचवत नाहीये. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर यात आहे. 1980 च्या दशकात अमेरिकेत बर्कलीला मेरी मेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आईवडिलांना त्यांच्या स्वतःच्या लहानपणाबद्दल तासभर बोलतं केलं, आणि त्यांच्या मुलांचं त्यांच्याशी नातं कसं आहे ते ताडून पाहिलं. ज्यांचं बालपण सुखाचं होतं त्यांचीच मुलं निर्धास्त, असं काही निघालं नाही. बालपण खडतर असूनही जे त्याबद्दल सरळ, सलग, बरंवाईट दोन्ही धरून बोलू शकत होते, त्यांची मुलंही निर्धास्त होती. 'आमचं लहानपण छान होतं' म्हणून विषय मिटवणारे, आणि त्याच रागात अजून गुंतून पडलेले, यांच्या घरी अडचण जास्त दिसली. तेव्हा मुलगा तुमच्यासारखा होईल का, हे तुम्हाला काय भोगावं लागलं यावर ठरत नाही. तुम्ही ते स्वतःला आणि घरातल्यांना कसं सांगता, याला जास्त वजन आहे.

तर उद्यापासून पुढच्या दारानं निघा. निघायच्या आधी खाली बसा, त्याच्या डोळ्यांच्या पातळीला या, आणि सांगा: बाबा बँकेत चाललाय, तू संध्याकाळी दूध प्यायलास की येतो. 'सहा वाजता' हे त्याला कळत नाही, 'दूध प्यायल्यावर' कळतं. तो रडेल. पहिले काही दिवस आत्तापेक्षा जास्तच रडेल, कारण तुम्ही कधी गायब व्हाल याचा भरवसा त्याला उरलेला नाही. रडू द्या. मुलाचं रडणं म्हणजे काही बिघडलं असं नव्हे. ज्याच्यासमोर रडता येतं ते माणूस समोर आहे, एवढाच त्याचा अर्थ. आईला सांगा, त्याला 'ती बघ चिमणी' करून भुलवू नको. कडेवर घे आणि म्हण, बाबा गेला, वाईट वाटतंय ना, संध्याकाळी येणार आहे. आणि ठरल्या वेळी परत या. उशीर होणार असेल तर फोन करून त्याच्याशीच बोला. घरी आल्यावर बूट काढले की आधी दहा मिनिटं त्याची, मोबाइल खिशात.

रोज हे नीट जमणार नाही. अगदी निरोगी आई आणि तान्हं मूल यांचेही सूर बराच वेळ जुळलेले नसतात, ते चुकतात आणि पुन्हा जुळतात, हे एडवर्ड ट्रोनिक यांनी आई-बाळांच्या चित्रफिती एकेक सेकंद तपासून दाखवलंय. चिडलात, ओरडलात, तर परत जाऊन जवळ घ्या. मूल त्या परत येण्यातूनच शिकतं.

बायकोला हे पत्र आणि हे उत्तर दोन्ही वाचायला द्या. ती माहेरी गेली की रोज एका ठरलेल्या वेळी फोन करा, बोलायला काही सुचलं नाही तर 'जेवलीस का' एवढंच विचारा. ती परत येईल तेव्हा दारात जा, हातातली बॅग घ्या. अंगाला सवय नाही, अवघड वाटेल, तरी करा. भांडणात गप्प व्हायला लागलात की तसं तोंडानं सांगा: मला आत्ता बोलता येत नाहीये, अर्ध्या तासानं येतो. आणि अर्ध्या तासानं खरंच या.

एवढं करूनही हात ताटलीच्या पुढे जाऊ लागला, झोप सलग उडाली, दारूची सोबत वाटू लागली, तर थांबू नका. 14416 हा सरकारच्या टेलिमानस सेवेचा क्रमांक आहे. फोन मोफत आहे, रात्रीबेरात्री लागतो आणि मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयातही मानसिक आरोग्य विभाग असतो. घरातल्या माणसांना जे सांगता येत नाही ते समुपदेशकाला सांगणं पुष्कळांना सोपं जातं.

हे सदर तुमच्या गावाकडचे शिक्षक आणि आज्याही वाचतात, म्हणून मधेच त्यांनाही एक विनंती. हंगामी वसतिगृहांमुळे आणि आज्यांमुळे अनेक मुलांची शाळा टिकते, हे फार मोलाचं आहे. पण पालक निघताना मुलाला जागं करा. त्याला ट्रकपर्यंत जाऊ द्या, आईचा एखादा जुना पदर जवळ ठेवू द्या. आता फोन आहेत, तर ठरल्या वारी बोलणं करून द्या. पोरगं रुळलं म्हणून आईचा विषय काढणं बंद करू नका.

राहिली तुमची बहीण. तिला आई मिळाली आणि शाळा सुटली. तुम्हाला शाळा मिळाली आणि आई सुटली. तुम्हाला तिचा हेवा वाटला असणार, तिला तुमचा वाटला असणार, आणि यावर तुम्ही दोघं कधी बोललेला नसाल. फडात आई संध्याकाळी तुमचं नाव काढायची का, हे सांगू शकणारं आईशिवाय आता तेच एक माणूस आहे. तिला फोन करा. दिवाळीपर्यंत वाट बघू नका, या रविवारीच करा, आणि काय झालं ते मला लिहून कळवा.